मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम : कर्व्यांची भूमिका

प्रश्न : ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेल्या एका चरित्रात मी वाचले की, महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मुलींचा अभ्यासक्रम मुलांहून वेगळा हवा होता. स्वतः विधवेशी विवाह करणाऱ्या सुधारकाचे हे मत मला खटकले. ऐरोलीत संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या नातीला ते कसे समजावून सांगावे?
– एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीने प्रभावित होऊन कर्व्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत ही कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू केले. बहुतेक स्त्रियांना संसार सांभाळायचा असल्याने त्यांचे शिक्षण त्याला पूरक असावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. ती केवळ तडजोड होती, असे म्हणून त्यांची पाठराखण करण्याचे कारण नाही.

फर्ग्युसन महाविद्यालयात कर्वे गणित शिकवत असताना प्राचार्य असलेले आगरकर मात्र ‘स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावें व तेंही एकत्र द्यावें’ असे निबंधाच्या शीर्षकातच सांगून मोकळे झाले होते. तत्त्व म्हणून आम्हाला आगरकरांचेच म्हणणे पटते.

तरीही पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेतील अभ्यासक्रमावर टिळकांनी केलेली टीका आणि कर्व्यांची योजना एकाच मापाने मोजू नये. टिळकांना मुलींच्या शिक्षणाला मर्यादा घालायची होती, तर कर्व्यांना त्यांना पदवीपर्यंत न्यायचे होते. हिंगण्याच्या आश्रमात त्यांनी पाहिलेल्या विधवांपैकी कित्येकींचे शिक्षण लहानपणीच तुटलेले होते, आणि अशा स्त्रियांना इंग्रजी माध्यमाचा डोंगर चढणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून त्यांनी मातृभाषा हे माध्यम ठरवले, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला. (ही दुसरी गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते.)

योजनेचे खरे दुखणे आमच्या मते गृहशास्त्रात नव्हते. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली. तोवर तिथल्या पदवीधर स्त्रीला ती पदवी दाखवून सरकारी नोकरी मिळवणे सोपे नव्हते. स्त्रियांना चरितार्थ चालवता येईल असे शिक्षण द्यावे की नाही, या प्रश्नावर आगरकरांनी स्वतंत्र निबंध लिहिला होता. नातीला आधी तो वाचायला द्यावा, कर्व्यांचे चरित्र त्यानंतर.