नवा सेन्सर, तोच कोड

प्रश्न : माझ्या पेट्रोल कारला सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी ०३४० आला म्हणून कॅमशाफ्ट सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची स्थिती सांगणारा) बदलला. आठवड्यात कोड परत! आणखी एक सेन्सर टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. हा कोड फक्त एवढंच सांगतो, की सेन्सरच्या सर्किटमधून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, धड सिग्नल पोचत नाही. पण आपल्याकडे कोड दिसला की पार्ट बदला, हीच रीत!

तुमच्या गाडीत तीन वायरींचा (सप्लाय, अर्थ, सिग्नल) हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय बदल ओळखणारा सेन्सर, असेल तर कनेक्टर काढून चावी ऑन करा. सप्लायच्या पिनवर गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट हवेत. मग कनेक्टर जोडून मागून मल्टिमीटरचा प्रोब घाला. अर्थची पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थचं कनेक्शन कच्चं. इथे मीटर ओहमवर लावून रेझिस्टन्स मोजण्यावर विसंबू नका. एकच तार शाबूत असलेली वायरही तिथे पास होते. स्टार्टर मारताना सिग्नलचा आकडा हलतो का, तेही बघा.

हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवा. ब्रॅकेटच्या कडेला इन्सुलेशन घासलेलं किंवा कनेक्टरात ऑइल उतरलेलं मला बऱ्याचदा सापडतं. वायरिंग निर्दोष निघालं, तरच टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) उघडायचं बोला.