फ्लॅट विकण्याआधी बाथरूमलगतच्या भिंतीची ओल स्वतः काढून रंग द्यावा का?
टाइल्सचे सांधे स्वतः भरा, पण भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंगाला हात लावू नका. मी घाईने पुट्टी मारून रंग दिला. पंधरा दिवसांत पोपडे सुटले, खाली पांढरा लोणा (ओलीने भिंतीवर आलेले क्षार), आणि फ्लॅट बघायला आलेल्या काकांनी तिथेच नखाने खरवडून पाहिलं. आधी जुनं ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांतलं भरण) खरवडा, सांधे आणि नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमचं पाणी जाण्याच्या तोंडाच्या) जाळीभोवतीची कड नव्याने भरा, मग महिनाभर थांबा. पाणी भिंतीतल्या पाइपातून किंवा वरच्या मजल्यावरून येत असेल तर मात्र प्लंबरच हवा. आणि ओल रंगाखाली लपवू नका: मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, सहज न दिसणारा मोठा दोष माहीत असेल तर तो खरेदीदाराला सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.