अस्र, असर आणि उसाचं चिपाड

चोपड्याहून एका वाचकाने विचारलंय: "'औषधाचा असर झाला' मधला असर आणि 'असरची नमाज' मधला असर एकच का? 'इस्लाममध्ये वेळेचं मोल' या विषयावर भाषण ऐकलं. वक्ते म्हणाले, वेळेचा माणसावर परिणाम होतो म्हणून कुराणात वेळेला 'असर' म्हटलंय. हे बरोबर आहे का?"

नाही. आणि हे वाक्य मीही गेल्या दोन वर्षांत तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. जुळतं म्हणून खरं मानायचं ही आपल्याकडची जुनी खोड.

औषधाचा असर मूळ अरबीत 'अथर'. अर्थ माग, ठसा. वाळूतून उंट गेला की मागे उरतो तो अथर. फारसी-उर्दूत येताना त्या 'थ'चा 'स' झाला आणि ठशाचा परिणाम झाला. दिवस कलल्यावरच्या नमाजेचा शब्द 'अस्र'. उर्दूत पहिला लिहितात अलिफ-से-रे, दुसरा ऐन-स्वाद-रे. तीन अक्षरांत सारखा फक्त शेवटचा रे. देवनागरीत दोघांना एकाच कपड्यात घातलं म्हणून हा घोळ. उपाय सोपा आहे: परिणाम असेल तर 'असर', नमाज किंवा काळ असेल तर जोडाक्षर घालून 'अस्र'. बोलताना गल्लीत कोणी 'असर' म्हणालं तर म्हणू द्या. ज्या जिभेने 'वक्त'चा 'वखत' केला, तिला जोडाक्षर फोडायची सवयच आहे. लिहिताना आणि माईक हातात असताना मात्र सवलत नाही.

आता कुराण. १०३वी सूरह, म्हणजे अध्याय, अल-अस्र, तीनच आयतींची, म्हणजे वचनांची. मथितार्थ असा: अस्रची शपथ, माणूस तोट्यात आहे, तोट्यात नाहीत ते फक्त ज्यांनी श्रद्धा ठेवली, सत्कृत्यं केली आणि एकमेकांना सत्याची व धीराची शिकवण दिली. इथला अस्र म्हणजे एकंदर काळ, की दिवस कलल्यानंतरचा प्रहर, की त्या प्रहराची नमाज, यावर भाष्यकारांची मतं वेगवेगळी आहेत. तो त्यांचा प्रांत. मला धरून ठेवतो तो धातू.

ऐन-स्वाद-रे म्हणजे पिळणे. दाबून रस काढणे. 'असीर' म्हणजे रस. आखातात नोकरी करून आलेल्या कोणालाही विचारा, ज्यूसच्या दुकानाच्या पाटीवर हाच शब्द असतो. कुराणातच बघा. बाराव्या सूरहमध्ये यूसुफबरोबरचा कैदी स्वप्न सांगतो की मी मद्य गाळत होतो, तिथलं क्रियापद हेच. पुढे त्याच सूरहमध्ये दुष्काळाच्या सात वर्षांनंतरचं वर्ष येतं, पाऊस पडेल आणि लोक रस गाळतील, तिथेही हेच. ७८व्या सूरहमध्ये पावसाने ओथंबलेल्या ढगांना 'मुअसिरात' म्हटलंय. पिळले जाणारे ढग! आमच्याकडे जूनमध्ये सातपुड्यावर जे अडून बसतात आणि पिळता पिळत नाहीत, त्यांना दुसरं नाव शोधायची गरज नाही.

म्हणजे अस्र हा पिळला जाणारा काळ. दिवसाचा रस निघत निघत जो अखेरचा प्रहर उरतो, तो अस्र.

इथे कोणीतरी इब्न फारिस काढणारच. इ.स. १००४ साली वारलेला हा मोठा कोशकार. 'मकायीस' या कोशात त्याने या धातूखाली तीन वेगळी मुळं दिली आहेत: एक काळ, दुसरं दाबून रस काढणं, तिसरं एखाद्या गोष्टीला धरून राहणं. ज्याचा सारा खटाटोप धातूच्या अनेक अर्थांमागचं मूळ हुडकायचा, त्याने नेमके इथेच हात टेकावेत? पटत नाही. हजार वर्षांचा मान ठेवूनही पटत नाही. त्याने द्राक्षं तुडवताना पाहिली असतील. द्राक्ष एका दमात चेंदतं. त्यात काळ दिसत नाही.

काळ उसात दिसतो. एप्रिलमध्ये बसस्टँडसमोरच्या रसवंतीवर उभं राहून बघा. घुंगरू वाजतात, ऊस पहिल्यांदा चरकात जातो तेव्हा रसाची धार लागते. मग तो दुमडतात, पुन्हा घालतात. धार बारीक होते. मग मध्ये लिंबू-आलं ठेवून तिसरी घडी. आता थेंब पडतात. शेवटी उरतं ते चिपाड, आणि पोरगा न बघताच ते मागे ढिगावर फेकतो. एकदा पाचच्या सुमारास ग्लास हातात असताना पलीकडच्या मशिदीतून अस्रची अजान झाली, तेव्हापासून इब्न फारिसचं आणि माझं जमत नाही.

बरं, ही कल्पना आपल्या भाषेला परकी आहे का? आपण रस काढतो, तेल काढतो आणि वेळही काढतो. "जरा वेळ काढून या." कशातून काढायचा? दिवस दाबूनच ना? आमच्या घरात हे कोणाला पटत नाही. 'वेळकाढूपणा' तर याच्या नेमका उलटा आहे, असं मला ऐकवलं जातं. त्याला माझं उत्तर: तिथे चरक फिरतोय, ऊस घातलेला नाही. यावर चर्चा बंद होते, पटल्यामुळे नव्हे.

तोट्याकडे वळतो, कारण तिथेही गंमत आहे. आयतीतला शब्द 'खुस्र', उर्दूतल्या 'खसारा'चा भाऊ, सरळ बाजारातला. फख्रुद्दीन राझी या बाराव्या शतकातल्या भाष्यकाराने एका पूर्वसुरीचं म्हणणं नोंदवलंय: या सूरहचा अर्थ मला बर्फवाल्याकडून कळला. तो बाजारात ओरडत होता, "ज्याचं भांडवल वितळतंय त्याच्यावर दया करा!" मे महिन्यात भुसावळच्या बाजारात पोत्याखाली, लाकडाच्या भुश्यात लादी ठेवून बसणाऱ्याला हे भाष्य समजवावं लागणार नाही. गिऱ्हाईक येवो न येवो, पोत्याखालून ओघळ वाहतोच.

बुखारीच्या संग्रहातली एक हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, हीही अशीच बाजाराच्या बोलीतली आहे: दोन देणग्यांच्या बाबतीत बरेच लोक फसतात, आरोग्य आणि मोकळा वेळ. 'फसलेला' यासाठी शब्द आहे 'मगबून', सौद्यात गंडवला गेलेला. पैशांचं 'गबन' होतं ते याच धातूतून. आणि मोकळ्या वेळेला शब्द आहे 'फराग'. मोकळा तो 'फारिग'. फारिग आणि खत मिळून झाली फारखती, म्हणजे मोकळं केल्याचा कागद. तीच आपली फारकत. नवरा-बायकोत 'फरक' पडला म्हणून फारकत, असं सांगणाऱ्यांनी कृपया आधीच्या वक्त्यांशेजारी बसावं.

चोपड्याच्या वाचकाचा आणखी एक उपप्रश्न होता, तो राहूनच जात होता: कोकणातल्या मित्राकडे अस्रची अजान लवकर का होते? शाफई आणि हनफी हे इस्लामी धर्मशास्त्राचे दोन पंथ. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आपल्याकडचे बहुतेक हनफी. काठी रोवा. ऐन दुपारची सावली वजा करून उरलेली सावली काठीएवढी झाली की शाफईंचा अस्र सुरू. दुप्पट झाली की हनफींचा. मध्ये सुमारे तासाभराचं अंतर पडतं. चरकातली आणखी एक घडी म्हणा.

आता रावेरकडून कोणीतरी असीरगडाचं विचारणार. रसाचा असीर ऐनचा, कैद्याचा असीर अलिफचा, आणि किल्ल्याचा या दोघांशी काही संबंध नाही. फिरिश्ता या इतिहासकाराने ते नाव आसा अहीर या गवळ्यावरून आल्याचं लिहून ठेवलंय. तो प्रश्न पाठवू नये.