फेब्रुवारीत अडकलेलं पवित्र शास्त्र

जानेवारीत सुरू केलेलं बायबलवाचन फेब्रुवारीत बंद पडतं आणि मार्चमध्ये माणूस समुपदेशनाला येतो. पण वाचनाबद्दल बोलायला म्हणून तो येत नाही. झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, प्रार्थनेला बसवत नाही, असं सांगतो. वाचनाचा विषय बऱ्याच वेळाने निघतो, तोही मान खाली घालून.

सोलापुरातल्या या ताईंचंही तसंच झालं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय बेचाळीस, शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर काम, घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वाचनाचा तक्ता वाटला गेला आणि वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र वाचीन म्हणून त्यांनी हात वर केला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या तेव्हा तो तक्ता पर्समध्ये होता, घड्या पडून पडून मऊ झालेला. जानेवारीतले बहुतेक चौकोन निळ्या पेनने भरलेले. गड्ड्याची जत्रा बघायला माहेरचे पाहुणे आले, तिथे चार दिवस रिकामे. फेब्रुवारीच्या मध्यापासून सगळ्या लाल फुल्या.

"मॅडम, देवाला शब्द दिला आणि मोडला. मग धाकट्याला ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. हे त्यामुळेच झालं ना?"

या प्रश्नाला वाचनाच्या वेळापत्रकाने उत्तर देता येत नाही, म्हणून आधी तापाचं बोललो. गल्लीत त्या आठवड्यात आणखी कोणाला ताप होता का? होता, समोरच्या घरी दोघांना, आणि त्या घरात बायबल नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप याचं की याच्या आईबापांचं, आणि येशू दोन्ही नाकारतो. तो अध्याय त्यांना शब्बाथशाळेपासून माहीत होता. आपल्या घराला तो लागू होतो हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या बराच वेळ रडल्या. तक्त्याला त्या दिवशी कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या भेटीत हिशेब केला. त्या बचत गटाची वही सांभाळतात, त्यामुळे आकड्यांची भाषा त्यांना लवकर पटते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय: जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. (कॅथॉलिक बायबलमध्ये पुस्तकं ७३, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा पडतो.) रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले की वर्ष पुरतं, हे त्यांच्या तक्त्याचं गणित. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं संपवून त्या तिसऱ्या, लेवीयच्या अकराव्या अध्यायावर थांबल्या होत्या, म्हणजे वाचून झाले १०१. तारखेप्रमाणे व्हायला हवे होते २२०च्या आसपास. जवळजवळ १२० अध्यायांची थकबाकी, आणि ती मार्चअखेर भरून काढायचा त्यांचा निश्चय होता. म्हणजे रोज आठ-नऊ अध्याय. दोन रात्री त्यांनी ते करूनही पाहिलं. साडेदहाला सगळी निजल्यावर बसायच्या आणि पहिल्याच अध्यायात डुलकी लागायची.

वाचन बंद पडतं ते बहुतेक वेळा इथेच. एक दिवस चुकल्याने कोणी थांबत नाही. चुकलेला दिवस आजच्या डोक्यावर चढवल्याने थांबतो. वाचन ही कर्जाची परतफेड झाली की पुस्तक उघडायच्या आधीच माणूस थकबाकीदार असतो. आणि तारखेप्रमाणे चालणाऱ्याच्या वाट्याला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काय येतं ते पाहा. निर्गमात २५ ते ३१ निवासमंडपाच्या मापांचे अध्याय, ३५ ते ४० मध्ये तेच काम पुन्हा तपशिलाने, लगेच लेवीयच्या पहिल्या सात अध्यायांत होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. उत्पत्तीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या असतात, त्या पळतात. इथे पाय रुततो. शिवाय अध्याय सारखे नसतात. स्तोत्र ११७ दोन वचनांचं आहे, ११९ एकशे शहात्तर वचनांचं, आणि गणना या पुस्तकाचा सातवा अध्याय एकोणनव्वद वचनांचा. रोज तीन अध्याय म्हणजे रोज तेवढाच वेळ, हे गृहीतच चुकीचं.

मग त्यांना तिथेच बसून एक अध्याय वाचायला सांगितला, घड्याळ लावून. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या ज्या तक्त्यात दिसल्या नसत्या.

पहिली डोळ्यांची. त्यांचं बायबल लग्नात मिळालेलं, बारीक टाइपाचं. वाचताना हात सरळ होत होत पुस्तक पार गुडघ्यापर्यंत गेलं. कारखान्यात सुईत दोरा कोण ओवतं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "शेजारची पोरगी देते घालून." चाळिशी लागली होती आणि चष्मा केला नव्हता. मन लागत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाला आम्ही आता हाच प्रश्न आधी विचारतो. त्यांनी त्याच आठवड्यात चष्मा केला.

दुसरी जास्त काळजीची. मध्येच थांबून त्या वरच्या वचनाकडे परत जायच्या. लक्ष दुसरीकडे गेलं की ते वाचन देवाच्या दरबारी धरलं जात नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, म्हणून अध्याय पहिल्यापासून. एकेका अध्यायाला तीन-तीन वेळा. यावर नियम साधा दिला: मागे फिरायचं नाही. लक्ष गेलं तर जिथे भानावर आलात तिथून पुढे. पहिले चार-पाच दिवस छातीत धडधडेल, तरी मागे जायचं नाही. धडधड आपोआप खाली येते. त्यांची सवय दोन आठवड्यांत सैल झाली. पण एखाद्याला एकच वचन 'नीट वाटेपर्यंत' दहा-वीस वेळा वाचावं लागत असेल, त्यात तास जात असतील, आणि न वाचल्यास घरच्यांचं बरंवाईट होईल ही भीती वाढतच असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न राहत नाही. तो मंत्रचळ हा मनाचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. पाळकसाहेबांनीही अशा माणसाला 'अजून प्रार्थना करा' एवढंच सांगून परत पाठवू नये.

राहिला शब्द मोडल्याचा सल. हा खोटा सल नाही. नवस फेडायला उशीर करू नका, असं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २३व्या अध्यायात स्पष्ट आहे, आणि ते झाकून कोणाचं समाधान करणं बरोबर नाही. पण कशाचा शब्द दिला होता? पवित्र शास्त्र वाचीन, याचा. डिसेंबरची तारीख छापणाऱ्याची होती. वर्षात सगळं बायबल संपवा अशी आज्ञा बायबलमध्येच कुठे नाही. अनुवाद ३१ मध्ये सगळं नियमशास्त्र लोकांपुढे वाचायला सांगितलंय ते दर सात वर्षांनी, मांडवांच्या सणात. नहेम्या ८ मध्ये एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो आणि लेवी वंशाचे सेवक जमलेल्यांना अर्थ समजावून देत राहतात. किती झालं, हे तिथे कोणी मोजत नाही. आणि तक्त्यांचं म्हणाल तर स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलेला वर्षाचा तक्ता आजही जगभर वापरात आहे. त्यांनी तक्त्यासोबतच धोके लिहून दिले होते: वाचन निव्वळ रिवाज होईल, दिवसाचा वाटा संपवल्याचा अभिमान येईल, काहींना ते जोखड होईल. जोखड झालं तर बेडी टाकून मोकळेपणाने वाचा, असं खुद्द तक्ता करणाऱ्यानेच सांगून ठेवलंय.

मग नवी मांडणी केली, तारखांशिवाय. पूर्ण वेगाने वर्षात संपवायचं असेल तर ती अशी बसते: आठवड्यातले पाच दिवस जुन्या करारातले तीन अध्याय आणि नव्यातला एक, रविवारी तीन स्तोत्रं, आणि एक दिवस पूर्ण मोकळा. स्तोत्रं सोडून जुन्या करारात ७७९ अध्याय उरतात. आठवड्याला १५ प्रमाणे ५२ आठवड्यांत ७८० होतात. नव्या कराराचे २६० बरोबर बसतात आणि १५० स्तोत्रांना पन्नास आठवडे लागतात. मोकळा दिवस चैनीचा नाही. सोलापुरात नळाला पाणी येण्याच्या दिवशी बाईमाणसाला पुस्तक उघडायला सवड नसते, तो दिवस हिशेबातच धरलेला बरा. आणि लेवीय कितीही जड गेलं तरी त्याच दिवशी मत्तय किंवा मार्कही हातात असतो, ही या मांडणीतली सर्वांत मोठी सोय.

ताईंच्या खऱ्या मोकळ्या वेळात, सकाळी डबे भरून झाल्यावरच्या वीस मिनिटांत, चार अध्याय मावेनात. म्हणून जुन्या करारातले तीनऐवजी दोन केले. लेवीय बारापासून मोजलं तर ६७८ अध्याय, आठवड्याला दहा, म्हणजे ६८ आठवडे.

"म्हणजे यंदा होणार नाही?"

"नाही. पुढच्या वर्षी जूनअखेर."

हे ऐकायला त्यांना जड गेलं आणि ते हलकं करायचा प्रयत्न आम्ही केला नाही.

खुणेसाठी कापडाच्या तीन पट्ट्या ठेवायच्या: जुना करार, नवा करार, स्तोत्रं. चुकलेला दिवस चुकला. पट्टी आहे तिथून पुढे. न कळलेल्या वचनापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून सरकायचं, आणि आठवड्यातून एकच प्रश्न पाळकसाहेबांना किंवा भगिनी मंडळात विचारायचा. जुन्या वळणाची मराठी अडत असेल तर शेजारी सोप्या मराठीतलं भाषांतर ठेवायला हरकत नाही. (पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं तेच मुळी साध्या बायकांना कळावं म्हणून.) भाकऱ्या थापताना मोबाइलवर ऐकलेला अध्यायही धरायचा. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचणाऱ्यासोबत ऐकणाऱ्यांनाही धन्य म्हटलंय.

तिसऱ्या भेटीला त्या आपणहून लेवीय १३ उघडून आल्या. चट्टा पडलेल्या कापडाचा भाग त्यांनी दोनदा वाचला होता, या वेळी भीतीने नव्हे. याजक कापड बघतो, सात दिवस वेगळं ठेवतो. चट्टा पसरला तर जाळायचं, नाही तर धुऊन आणखी सात दिवस. फिका झाला तर तेवढाच तुकडा फाडून काढायचा. ताण्यात आहे की बाण्यात, हेसुद्धा लिहिलंय. त्यांचे वडील चादरीच्या मागावर होते. "आमच्यात चेकिंगला अस्संच करतात. डाग दिसला की लगेच पूर्ण पीस नाही टाकत." ज्या पुस्तकात त्या महिनाभर अडकल्या होत्या, त्यातलं हे.

एप्रिल-मे हा युनिफॉर्मचा सीझन, ओव्हरटाइम ठरलेलाच. तेव्हा पुन्हा मागे पडणार हे आधीच कबूल करून ठेवलं: सीझनमध्ये जुन्या कराराची पट्टी हलवायचीच नाही, फक्त नव्यातला एक अध्याय, तोही चालेल तर ऐकून. मार्च संपता संपता त्या गणनाच्या नवव्या अध्यायात पोचल्या. प्रेताला शिवल्यामुळे काही जणांना वल्हांडणाचा सण पाळता येत नाही. ते मोशेकडे येऊन विचारतात, आम्हीच का मागे राहावं? आणि त्यांना दुसऱ्या महिन्याची चौदावी तारीख मिळते, प्रवासात असणाऱ्यांनाही. या अध्यायापुढे ताईंनी प्रश्नचिन्ह केलं नव्हतं. पेन्सिलीने फक्त 'एप्रिल, मे' असं लिहिलं होतं.

शाळा सुरू झाल्यावर, १५ जूनच्या सुमारास, जुन्या कराराची पट्टी पुन्हा हलली. जूनअखेरच्या भेटीत पट्ट्या गणना ३४, योहान १२ आणि स्तोत्र ४८ ला होत्या. तिन्ही पट्ट्या वेगवेगळ्या शाळांच्या युनिफॉर्मच्या कापडाच्या. सीझनचे आठवडे धरून आता शेवट पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरकडे जातो, हे त्यांनी स्वतःच वहीत मांडून आणलं होतं. निघताना म्हणाल्या, "उद्या गणना संपतं. परवा पाण्याचा दिवस आहे, अनुवाद तेरवा."