परीक्षकाला उत्तर लिहिण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे, नियतकालिकाने तुझ्या शोधनिबंधावर मागवलेले परीक्षकांचे अभिप्राय मी दोनदा वाचले. पहिल्या परीक्षकाने शोधनिबंध स्वीकारावा असे म्हटले आहे, त्याच्याविषयी तू एक ओळही लिहिली नाहीस. दुसऱ्याने धातूचे अंश तपासून घ्या एवढेच सुचवले, तर त्याच्यावर दीड पान खर्च केलेस. यात तुझे काही वेगळे नाही. आपल्या रसायनशास्त्रात ‘दुसरा परीक्षक’ हे पात्र जुन्या नाटकातल्या सावकारासारखे ठरीव रंगात रंगवलेले असते, आणि चहाच्या टपरीवर त्याची नक्कल मीही पुष्कळदा केली आहे. तरीही उत्तराच्या मसुद्यात त्याला उद्देशून जो टोमणा तू घातला आहेस, तो पाठवण्याआधी माझे थोडे ऐक.

बोरॉनिक आम्ल आणि अॅरिल ब्रोमाइड या दोन सेंद्रिय संयुगांची जोडणी तुझ्याकडे पॅलेडियम या नेहमीच्या धातू-उत्प्रेरकाशिवाय होते, असा तुझा दावा आहे. नेमका हाच दावा २००३ साली रसायनशास्त्रज्ञ निकोलस लेडबीटर यांच्या गटाने केला होता. पाण्यात, सोडियम कार्बोनेट घालून, मायक्रोवेव्हच्या उष्णतेवर अभिक्रिया पार पडत होती. दोन वर्षांनी त्यांनीच नवा निबंध लिहून कळवले की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग इतके पॅलेडियम होते आणि काम तेच करत होते. एक किलो कार्बोनेटमध्ये ५० मायक्रोग्रॅम! आधीच्या निबंधापेक्षा हा दुसरा निबंध मी विद्यार्थ्यांना अधिक वेळा वाचायला दिला आहे, कारण आपल्याच शोधातली हवा आपणच काढायची आणि तेही नियतकालिकाच्या पानावर सही करून, हे फार थोड्यांना साधते. एवढे होऊनही २०२१ साली धातूऐवजी अमाइन या सेंद्रिय संयुगाच्या उत्प्रेरणाने अशीच जोडणी होते असा निबंध एका मोठ्या नियतकालिकात आला आणि तो मागे घ्यावा लागला; तिथेही पॅलेडियमच लपून बसले होते. द्रावण ढवळणाऱ्या मॅग्नेटिक बीडवरचे बारीक ओरखडे जुन्या प्रयोगांतला धातू धरून ठेवतात, हे २०१९ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तुझी बीड किती जणांच्या हातांतून आली आहे, हे तुझ्या लॅबच्या कपाटालाच ठाऊक.

मी स्वतः शहाणी होते असे समजू नकोस. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या आलेखात, ४.१२ला क्वार्टेट (चार रेषांचा संकेत) आणि १.२६ला ट्रिप्लेट (तीन रेषांचा) दिसले, तेव्हा अल्कोहोलचा थेंबही न घालता इथाइल एस्टर तयार झाले असे मी ठरवले आणि ते कसे घडले याची यंत्रणा तीन दिवस खपून वहीत बाणांनी मांडली. चौथ्या दिवशी गाईडनी पेन्सिलीने २.०५च्या सिंग्लेटभोवती (एकाच रेषेच्या संकेताभोवती) एक गोल काढला, पदार्थ शुद्ध करायचा कॉलम कोणत्या द्रावकात चालवला होता एवढेच विचारले आणि मला चहा पाजला. कॉलमचे द्रावक इथाइल अॅसिटेट नीट उडवून टाकलेले नव्हते; ते सगळे संकेत त्याचेच होते. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. यंत्रणेतले बाण मात्र सुबक आहेत.

आता टोमण्याविषयी. १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिश व्योलर यांनी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ड्युमा यांच्या प्रतिस्थापन सिद्धांताची (संयुगातल्या एका अणूच्या जागी दुसरा बसतो, या मताची) टर उडवणारे एक पत्र फ्रेंचमध्ये रचले आणि त्यांचे मित्र लीबिग यांनी ते आपल्या ‘अनालेन’ या नियतकालिकात चक्क छापले. मँगनीज अॅसिटेटमधला प्रत्येक अणू एकेक करून क्लोरीनने बदलला, शेवटी निव्वळ क्लोरीन उरले तरी पदार्थाचा मूळ प्रकार कायम राहिला, असे त्यात लिहिले होते, आणि लंडनच्या दुकानांत क्लोरीनच्या सुताचे कापड मिळते, रात्रीच्या टोप्यांना आणि आतल्या चड्ड्यांना त्याला फार मागणी आहे, अशी तळटीपही जोडली होती. खाली सही होती एस. सी. एच. विंडलर, सलग वाचले तर ‘श्विंडलर’, म्हणजे जर्मनमध्ये ‘भामटा’. वाचताना मला आजही हसू आवरत नाही. पण हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसूनही पदार्थाचा स्वभाव फारसा बदलत नाही, हे ड्युमा यांचे मूळ म्हणणे खरे निघाले, आणि आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही प्रतिस्थापन अभिक्रिया शिकतो. व्योलर इतके थोर होते की त्यांना हे शोभून गेले. तुझा टोमणा मात्र संपादकाच्या फाईलीत तुझ्या नावासह राहील.

परीक्षक चुकतात, हेही मला मान्य आहे. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ बेलौसोव यांनी १९५१ साली रंग पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या, आंदोलन पावणाऱ्या अभिक्रियेचे वर्णन पाठवले, तेव्हा असे घडणे अशक्य आहे म्हणून ते परत आले, आणि अखेर १९५९ साली किरणोत्सर्ग-वैद्यकाच्या एका संग्रहात त्रोटक रूपाने छापले गेले. त्यांना लेनिन पुरस्कार मिळाला तो १९८० साली, मृत्यूनंतर दहा वर्षांनी. पण त्यांना अशक्य म्हणून नाकारले गेले होते. तुला कोणी अशक्य म्हटलेले नाही, फक्त मोजून दाखव म्हटले आहे.

शीर्षकात शाब्दिक कोटी असावी का, असेही तू विचारले आहेस. २००३ साली शँटो आणि टूर या रसायनशास्त्रज्ञांनी माणसाच्या आकृतीचे रेणू बनवून त्यांना, गलिव्हरच्या गोष्टीतल्या चिमुकल्या ‘लिलिप्युशियन’ माणसांवरून, ‘नॅनोप्युशियन’ म्हटले आणि ते खपून गेले, कारण खाली संश्लेषणाचा प्रत्येक टप्पा चोख होता. तुझे शीर्षक तूर्त साधेच राहू दे.

नवी आरबी (गोल बुडाचा चंबू), न वापरलेली बीड आणि दुसऱ्या कंपनीचे कार्बोनेट घेऊन अभिक्रिया तीनदा कर, आणि कार्बोनेटचा नमुना धातूचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या आयसीपी-एमएस चाचणीला पाठव. यील्ड (हाती येणारे उत्पादन) टिकले तर परीक्षकाला दोन ओळींचे, आभाराचे उत्तर पुरेल. पडले तर मला आधी फोन कर, निबंध वेगळा लिहावा लागेल आणि कदाचित अधिक चांगला होईल.

निबंधासोबत छापली जाणारी पुरवणी माहितीही एकदा डोळ्यांखालून घाल. २०१३ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकाच्या पुरवणीत, या संयुगाचे मूलद्रव्य-विश्लेषण मनानेच बनवून टाक, अशी सहकाऱ्यासाठीची सूचना तशीच छापली गेली आणि ती जगभर वाचली गेली. तुझ्या पुरवणीत अकराव्या पानावर ‘इथे यील्ड किती टाकायचे?’ असे लाल अक्षरांत अजून आहे.

तुझी,
मॅडम