वीर्य तपासणीत शुक्राणूंची संख्या कमी आली आहे, आता काय करावे?

आपण लिहिले आहे की लग्नाला तीन वर्षे झाली, पत्नीच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या, आपल्या पहिल्याच वीर्य तपासणीत मात्र शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला ९० लाख निघाली आणि एका मित्राने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुचवली. मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तरीही कळकळीने सांगतो, ती इंजेक्शने घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळू लागले की वृषणांना चालना देणारी पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरके घटतात, त्यामुळे शुक्राणूंची निर्मिती मंदावते आणि कधीकधी पूर्ण थांबते.

आपला आकडा कमी आहे हे खरे; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख धरली आहे. पण या मर्यादेखालच्या पुरुषांनाही मुले होतात, आणि एका नमुन्यावरून निदान करत नाहीत. आमच्याकडे एका गृहस्थांनी घरून आणलेली डबी थंडीच्या दिवसांत गाडीच्या डिकीत ठेवून दीड तासाने दिली होती, तेव्हा काचपट्टीवर जवळजवळ सगळे शुक्राणू निपचित पडलेले दिसले. महिन्याभराने त्यांनी लॅबमध्येच नमुना दिला, तर निम्म्याहून अधिक सरळ पुढे पोहत होते. म्हणून २ ते ७ दिवसांचा संयम पाळून (म्हणजे त्या दिवसांत वीर्यस्खलन टाळून), शक्यतो लॅबमध्येच नमुना देऊन, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्या. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मधल्या काळात डेंगू किंवा टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेला असेल, तर त्याचा परिणाम अहवालात उशिरा दिसतो.

दुसरा अहवालही कमी आला तर यूरोलॉजिस्टकडे जा. ते उभे करून हाताने तपासतील, कारण वृषणाच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे पुरुष वंध्यत्वाचे वारंवार आढळणारे आणि उपचार करता येणारे कारण आहे. हाताला लागणाऱ्या व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया केल्यावर अहवाल सुधारायला तीन ते सहा महिने द्यावे लागतात; केवळ सोनोग्राफीत दिसलेल्या बारीक शिरांसाठी शस्त्रक्रियेची घाई नको. एफएसएच (वृषणांना चालना देणारे पिट्युटरीचे एक संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉनच्या रक्तचाचण्यांवरून संप्रेरकांचा दोष कळतो, आणि काही दोषांवर चांगले औषधोपचार आहेत. नमुन्यात शुक्राणू अजिबात नसले, तरी अनेकदा ते वृषणातून काढून इक्सी पद्धतीने, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून, गर्भधारणा करता येते. आपण त्या टप्प्यावर नाही.

आपल्या घरांत आधी बाईच्याच तपासण्या होतात आणि पुरुषाची साधी चाचणी वर्षानुवर्षे लांबते, याचे मला फार वाईट वाटते. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर पुनर्तपासणीची वाट पाहत बसू नका, दोघेही लगेच वंध्यत्व तज्ज्ञांना भेटा. जाताना दोन्हीकडचे जुने अहवाल न्या, आणि तंबाखू, दारू किंवा जिममधील कोणतीही पावडर अथवा इंजेक्शन घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.