विनिपेगला यायलीस, तर आधी भाडेकरार बघ

परभणीहून तू विचारलंयस: "ताई, आम्ही दोघी कॅनडात, विनिपेगला यायचं म्हणतोय. थंडी झेपेल का? बागेचा नाद तिथं पुरवता येईल का? खो-खो सुटेल का? आणि आमच्यासारख्यांच्या गोष्टी तिथं उघड लिहिता येतात का?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण तुझ्या शेवटच्या प्रश्नानं नीट बसू दिलं नाही, म्हणून हे लांबलंय. नको तिथं पुढं सरक.

कॅनडात स्थायिक व्हायच्या अर्जाला पॉइंट किती लागतात, इंग्रजीच्या परीक्षेत किती मार्क पाहिजेत, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे मी सांगणार नाही. ते सगळं सरकारी वेबसाइटवर आहे आणि सारखं बदलतं. थंडीचंही उगीच स्तोम नको. जानेवारीत रात्री उणे वीस-पंचवीस नेहमीचंच. इंजिन गोठू नये म्हणून गाडीसुद्धा रात्री प्लगला लावतात. घरात उबदार असतं, कपडे नीट घेतले की भागतं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे फौजेत असताना सियाचीनवर राहून आला आणि नंतर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळायला लागला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं. मराठवाड्याच्या माणसाला थंडी बाधत नाही, कंटाळा बाधतो.

कागदांचं मात्र सविस्तर सांगते, कारण ते अजून सलतं.

वर्षभर सलग एकत्र राहिलेल्या दोघांना कॅनडा कायद्यानं जोडीदार मानतो. लग्न झालेलं नसलं तरी चालतं, दोघी बाया असल्या तरी चालतं. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या लग्नाला नाही म्हटलं, त्यामुळं तुमच्यासाठी हाच रस्ता. ऐकायला किती सोपं! एकत्र राहिलो एवढंच दाखवायचं. आम्ही अर्ज केला तेव्हा आपल्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारं ३७७ कलम जाऊन फार काळ झाला नव्हता, आणि आम्ही औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, गारखेड्यात कित्येक वर्षं एका घरात राहत होतो. पण आमचा एकही कागद तसं म्हणत नव्हता. म्हणू नये याची आम्हीच काळजी घेतली होती. भाडेकरार माझ्या नावावर. लाइट बिल मालकाच्या नावावर. खाती वेगळी. फोटो म्हणशील तर प्रत्येक लग्नातल्या प्रत्येक फोटोत आमच्या दोघींच्या मधे कुणाची तरी काकू उभी. घरमालकाला सांगितलेलं, की ही माझी मावसबहीण.

मग त्या घरमालक काकांकडं गेलो, की आम्ही इथं राहतो असं एक पत्र द्या. माणूस इतका भला, की त्यांनी स्वतःच्या खर्चानं स्टॅम्प पेपर आणला, नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि झकास इंग्रजीत लिहून दिलं, की या दोघी बहिणी अत्यंत सुस्वभावी असून एका कुटुंबाप्रमाणे राहतात. आता हे पत्र जोडावं तर अर्ज तिथंच बाद, आणि दुरुस्त करून मागावं तर काकांना काय सांगावं? ते पत्र अजून माझ्या फायलीत आहे. एवढं चांगलं प्रमाणपत्र मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

शेवटी कशावर निभावलं सांगू? पेपरवाल्याच्या पावतीवर दोघींची नावं होती. कुरिअरच्या पावत्यांवर एकच पत्ता होता. आणि माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हाच्या दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात तिनं घाईघाईत 'मैत्रीण' लिहून सही केलेली होती. तो कागद सगळ्यांत वर लावला.

पण खरा घाम पुढंच फुटला. नात्याची हकीगत स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायची होती. कुठं भेटलात, कधीपासून एकत्र, घरी कुणाला माहीत आहे, नसेल तर का नाही. मी अंबाजोगाईची. ज्या गावात दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर, म्हणजे कापडावर, ग्रंथच्या ग्रंथ लिहून ठेवला, तिथली मी, आणि मला दोन पानं लिहवेनात. शेवटी लिहिली. गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर ती मला बाद करून हसली तिथपासून सगळं. आपल्यासारख्यांची मी लिहिलेली पहिली गोष्ट तीच, आणि तिचा पहिला वाचक कुठल्यातरी टेबलामागचा, मला कधीही न भेटलेला माणूस. त्यानं काही शेरा मारला नाही, मंजूर केली. मला राग कशाचा येतो माहितीय? त्या परक्या माणसाला सगळं ठाऊक आहे, आणि माझ्या आईला नाही. हे त्या माणसाचं पाप नव्हे, कळतं मला. तरी येतो.

म्हणून तुला सांगते, तिकीट-बिकीट राहू दे, या महिन्यात भाडेकरार दोघींच्या नावे कर. जॉइंट खातं उघड. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थमंत्रालयानं स्पष्ट केलंय, की आपल्यासारख्यांना जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. बँकेतला माणूस कुरकुरला तर तेवढं ऐकव. आणि "तू आधी एकटी जा, अविवाहित म्हणून अर्ज भर, मग तिला बोलव" असा सल्ला कुणी ना कुणी देणारच. तो ऐकू नकोस. मूळ अर्जात जोडीदार लपवला, तर नंतर तिला स्पॉन्सर करण्याचा दरवाजा सहसा बंदच होतो.

आता बाग. इथली माती बघून तुला घरी आल्यासारखं वाटेल. काळी, चिकट, पावसात चप्पल ओढून घेणारी आणि वाळली की भेगाळणारी. हिमयुगाच्या शेवटी इथं वितळलेल्या बर्फाचं एक अफाट सरोवर होतं, अगासिझ नावाचं. त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही चिकणमाती. आपली काळी मात्र बेसॉल्टची. हंगाम जेमतेम चार महिन्यांचा. २५ मेच्या आधीच्या सोमवारी व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते, तोवर टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर काढायची नाहीत, आणि सप्टेंबरात फ्रॉस्ट, म्हणजे झाडं जाळणारं गोठलेलं दव, पडायच्या आत हिरवे टोमॅटो तोडून चटणीला लावायचे. एप्रिलभर तळघरात दिव्याखाली रोपांचे ट्रे असतात. बायको त्याला माझं बाळंतपण म्हणते.

जूनमध्ये दिवस सोळा तासांवर जातो. मेथी झकास येते. कोथिंबीर मात्र दोन जुड्या मिळाल्या-न मिळाल्या तोच फुलावर जाते, म्हणून थोडी थोडी पेरत राहायची. मी तूरही लावून पाहिली. झाड कमरेएवढं झालं, पण फूल नाही. तुरीला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात, आणि इथं दिवस लहान होईपर्यंत तिला फ्रॉस्ट गाठतो. तरी दर वर्षी चार दाणे टोचतेच. लसूण ऑक्टोबरात लावायचा आणि विसरून जायचं. बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळं खालची माती वरच्या वाऱ्याइतकी गारठत नाही. बर्फ कमी पडला की उलट झाडं जास्त मरतात. जुलैत लसूण तयार. त्याआधी त्याचे कोवळे दांडे कापून शेंगदाण्याच्या कुटात परतायचे, भाकरी असेल तर मग विचारूच नको. आणि चुक्याची आठवण आली तर रुबार्बचा दांडा डाळीत घाल, आंबटपणा तोच. पानं मात्र विषारी, ती फेकायची.

एकच गोष्ट पाइप हातात धरला की टोचते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तू शाळेत असशील. इथं नळ सोडला की पाणी. ते येतं शोल लेक नावाच्या तळ्यातून, दीडशे किलोमीटरवरून, १९१९ पासून. आणि त्याच तळ्याकाठी राहणाऱ्या मूळनिवासी लोकांना १९९७ ते २०२१ पर्यंत पाणी उकळून प्या असं सांगितलेलं होतं. पाणी कुणाच्या अंगणातून कुणाच्या बागेत जातं, हे जायकवाडीवरून भांडणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

खो-खो सुटेल. हे गोड करून सांगता येत नाही. उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या सहलीला मी पोरांना रांगेत बसवते, पाठमोरं-समोर, पाठमोरं-समोर, पण दहा मिनिटांत ती फुटबॉलकडं पळतात. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलीही जिंकल्या, मुलंही, आणि कर्णधार दोन्ही महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. इथं सकाळ, बाहेर बर्फ, आणि आम्ही दोघी सोफ्यावर उभ्या राहून ओरडत होतो. बदली म्हणून मी कर्लिंग धरलं. वीसेक किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावर सोडायचा आणि त्याच्यापुढं झाडू मारत धावायचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "तिकडं जाऊन झाडायलीस व्हय?" पण खेळ डोक्याचा आहे, आणि रिवाज असा, की सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना प्यायला पाजायचं. आमच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सह्या केल्या त्या आमच्या कर्लिंगच्या टीममधल्या दोघींनी.

एकटेपणा? फेब्रुवारीत येतो. व्हिटॅमिन डी घे, एखाद्या क्लबात नाव घाल, घरी फोन रोज नको, आठवड्यातून दोनदा. पुढं.

लिहिण्याचं. इथं उघड लिहिता येतं का? येतं. २००५ पासून देशभर आपलं लग्न कायदेशीर आहे, आमच्या टपालपेटीवर दोघींची आडनावं आहेत, शेजारी बर्फ कुणी काढायचा यावरून भांडतात, बाकी कशावरून नाही. इथं माझ्या कथेला कुणाची हरकत नाही, कारण इथं ती कुणी वाचतच नाही. मराठीत लिहायचं तर वाचक परभणीत, नांदेडात, अंबाजोगाईत. मोकळीक एका गावाला आणि वाचक दुसऱ्या गावाला, अशी आपली गत. इंग्रजीत लिहून पाहिलं, सगळं मलाच खोटं वाटलं. बर्फातली गोष्ट अजून एक सुचलेली नाही. माझ्या गोष्टींतल्या बाया अजून अंबाजोगाईत, योगेश्वरीच्या देवळामागच्या गल्लीतच राहतात, लोणच्यात मीठ किती यावर वाद घालतात, मॅच बघतात. एका संपादकांनी कळवलं होतं, की विषय धाडसी आहे, शेवटी एक जण गेली तर परिणाम वाढेल. मी नाही मारली. आपल्या गोष्टीत दर वेळी कुणीतरी मरायलाच पाहिजे असं का? दुसऱ्या अंकानं जशीच्या तशी छापली.

पण टोपणनावानं. आई वाचनालयातून दिवाळी अंक आणते, अथपासून इतिपर्यंत वाचते. त्या वर्षी फोनवर म्हणाली, "दोघी बायांची एक गोष्ट वाचली गं. लिहिणारी आपल्याकडचीच दिसती, बोलणं सगळं आपलं हाय." मी म्हटलं, असेल. मग ती शेंगदाण्याच्या भावावर गेली. तिला कळलंय की नाही, हे मी तेव्हापासून ठरवू शकलेले नाही, आणि विचारायचं धाडस कॅनडाच्या पासपोर्टसोबत मिळत नाही. तू टोपणनाव घ्यायचं की नाही, ते माझ्याकडं बघून ठरवू नकोस.

बियाणं आणू का, हे तू खाली जाताजाता विचारलंयस. आणायचं तर विमानतळावर जाहीर करावं लागतं, उगीच तपासणीत अडकशील. मेथी इथल्या वाण्याकडची पेरली तरी उगवते. त्यापेक्षा बॅगेत दोन-तीन चांगले दिवाळी अंक टाक, आणि काळा मसाला. इथं मिळतो तो काळा नसतो.